धोपटेंच्या आतला हात

मागच्या महिन्यात केतकीनं, माझ्या मुलीनं, जेवताना तिचा फोन माझ्या ताटाच्या कडेला टेकवला आणि म्हणाली, "बाबा, हे बघा. हे तुम्हीच लिहिलेलं ना?"

अर्ध्या मिनिटाचा तुकडा होता. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चंदेरी रंगवून केलेल्या भिंती, पंख्यांचे रेग्युलेटर ओळीनं ठोकून केलेलं अंतराळयानाचं यंत्र. समोर एक टेबल आणि टेबलाच्या कडेवरून वर आलेली, काळी टोपी आणि पांढरी मिशी असलेली एक हातबाहुली. चंदेरी पोशाखातला एक तरुण तिच्या मानेवर दांडक्यानं तीन फटके मारतो. तिसऱ्याला बाहुली टेबलावर आडवी होते, थरथरते, मग हळूहळू मान वर करते आणि नाकातून म्हणते, "झालं का आपलं? मग मी निघतो."

खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. कुणीतरी भलताच अभ्यास करून यादी दिली होती. बाहुल्यांच्या मालिकेच्या कुठल्या भागात अंतराळाचा उल्लेख आलाय, अंतराळाच्या मालिकेच्या कुठल्या भागात बाहुल्यांची पाटी दिसते, सगळं क्रमानं. दोन मालिका एकमेकींत कशा डोकावत होत्या, याचं या मुलांना इतक्या वर्षांनी अप्रूप.

"कसला वळवळतो ना तो! पपेट वाटतच नाही," केतकी म्हणाली.

मी पान अर्धं टाकून उठलो. पोट बिघडलंय म्हणालो.

त्या बाहुलीच्या आत भाऊ गोडांबे यांचा उजवा हात होता. दांडक्यात लोखंडी सळई होती. ती सळई मी घातली होती. हे मी बत्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहायचं तर आधी भाऊंविषयी लिहायला हवं, कारण माझ्याविषयी लिहिण्यासारखं एवढंच आहे.

भाऊ बुटके आणि रुंद होते. मनगट इतकं जाड की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही बसत नसे, म्हणून घड्याळ खिशात. तोंडात कायम वेलदोडा. राग आला की ओरडत नसत, उलट गप्प होत आणि डाव्या हाताची बाही दुमडायला लागत. दोन घड्या पडल्या की आम्ही मालिकेवाले खुर्च्या मागे सरकवायचो. तिसऱ्या घडीनंतर काय होई ते सांगायला बरेच लोक आहेत; त्यांतल्या काहींची नाकं वाकडी आहेत.

पूर्वी ते एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे बनवायचे. लाकडात केसाएवढी फट त्यांना अंधारातही बोटानं कळे. जेवणाच्या सुट्टीत ते पांगाऱ्याच्या लाकडातून बाहुल्यांची डोकी कोरत. एकदा साहेबानं असं एक डोकं बुटानं लाथाडलं. भाऊंनी बाही दुमडली आणि हातातली लाकडी हातोडी साहेबाच्या खांद्यात घातली.

"एकच दिला," भाऊ सांगायचे. "दुसऱ्याची गरज पडली नाही."

"नोकरी एकातच गेली," वहिनी आतून म्हणायच्या. "दुसरा दिला असतात तर घरही गेलं असतं."

वहिनी बाहुल्यांचे कपडे शिवत. नवऱ्याला घाबरत नसलेलं ते एकमेव माणूस. आम्ही पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा मी भीत भीत विचारलं होतं, "भाऊ घरातही असेच का हो?" तर म्हणाल्या, "नाही. इथं मार खायला बाहुल्या आहेत. मी फक्त शिवते."

भाऊंच्या खेळाचं नाव 'श्रीयुत धोपटे आणि मंडळी'. धोपटे हे निवृत्त कारकून, आणि जगातला प्रत्येक जण त्यांना बडवतो. बायको लाटण्यानं, दूधवाला मापानं, भाडेकरू छत्रीनं. बडवून झालं की धोपटे मान वर करून अत्यंत अदबीनं म्हणतात, "झालं का आपलं? मग मी निघतो." मंडपांत, शाळांत, लग्नांत हे वाक्य पोरं आधीच ओरडायची. पुढे स्थानिक केबलवर दर आठवड्याला खेळ लागायला लागला, मग धोपट्यांचे मुखवटे निघाले, कॅलेंडर निघालं, कंपासपेट्यांवर धोपटे आले.

या खेळाचे भाऊंचे दोन नियम होते, आणि ते त्यांनी कधी मोडू दिले नाहीत. मार खाणाऱ्या बाहुलीत हात असलाच पाहिजे आणि मार खरा बसला पाहिजे, हा पहिला. दुसरा, फटका पडायच्या आधी वळायचं नाही.

"लाकूड खोटं, कापड खोटं, मिशी खोटी," ते म्हणायचे. "सगळं खोटं असलं की एक तरी गोष्ट खरी लागते. ती म्हणजे मार. आणि आधी वळलास तर मार खरा असूनही खोटा दिसतो."

लाटणं हलकं असे, छत्रीच्या काड्या काढलेल्या असत, पण फटका बसायचाच, डोक्याच्या खाली, जिथं बोटांची पेरं येतात तिथं. भाऊंच्या उजव्या हाताला वरच्या बाजूनं घट्टे होते. तळहाताला घट्टे पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. वरून घट्टे पडलेला हा एकच हात.

एकदा केबलच्या मालकांनी गप्पांच्या ओघात टेबलावर पडलेली धोपट्यांची बाहुली उचलली आणि गंमत म्हणून तिच्या दोन थोबाडीत दिल्या. भाऊ बाही दुमडायला लागले. मालक हसत होते, त्यांना अजून कळलं नव्हतं.

"आत कोणी नाही तिच्या," भाऊ म्हणाले. "कोणी नसलेल्याला मारताय. फार शूर आहात."

आणि मालकांच्या हातातला चहाचा ग्लास काढून घेऊन त्यांनी तो भिंतीवर फोडला. मालकांनी त्याच दिवशी दुसरी कोणी माणसं बघायला सुरुवात केली; पण धोपटे भाऊंच्या हाताशिवाय हलेनात, म्हणून गप्प बसले.

शनिवार पेठेतल्या एका मंडपातली गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. खेळ रंगात असताना पिऊन आलेल्या एका दांडगटानं पडद्यावर दगड मारला. पडदा फाटला. भाऊ पडद्याआडून उठले, बाहुली हातातच. तसेच चालत गेले आणि धोपटेंच्या लाकडी डोक्यानं त्या माणसाच्या नाकावर एक, कपाळावर एक असे दोन हाणले. तो खाली बसला, शर्टाची पुढची बाजू लाल. समोरच्या पोरांना वाटलं खेळातलाच भाग. टाळ्यांचा नुसता पाऊस. भाऊंनी बाहुली त्याच्या तोंडाजवळ नेली आणि नाकातून विचारलं, "झालं का आपलं?"

हे लिहिताना मला अजून हसू येतं. भाऊंची हीच पंचाईत होती. ते मारायचे आणि आम्ही हसायचो.

मी त्या वेळी चोविशीतला, 'सातवं ठाणं' या मालिकेचा लेखक. पृथ्वीपासून फार लांब एक ठाणं आहे, तिथून घरी निरोप पोचायला अनेक वर्षं लागतात, आणि तिथल्या माणसांना हे माहीत असूनही ती निरोप पाठवत राहतात, अशी ती गोष्ट. मी ती अत्यंत गंभीरपणे लिहीत होतो. शूटिंग कर्वेनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये होई. शेड मालकांची, म्हणून सकाळी तिथं धोपटे आणि दुपारी आम्ही. अंड्यांचे ट्रे मी स्वतः जुन्या बाजारातून सायकलवर आणले होते.

पहिली खोडी भाऊंनी काढली. एका सकाळी त्यांनी आमच्या यानाचं यंत्र बाहुल्यांच्या मागे ठेवलं, आणि धोपटेंकडे सातव्या ठाण्यावरचा भाडेकरू आला. त्याची तक्रार एकच: वर पाणी चढत नाही. मी चिडलो. मग उत्तर म्हणून कप्तानाच्या खोलीत भिंतीवर पाटी लावली: 'येथे धोपटे राहत नाहीत. विचारू नये.' पाटी दोन सेकंद दिसली असेल. त्या आठवड्यात पत्रांचा गठ्ठा आला.

तिथून सुरू झालं. धोपटेंची बायको लाटण्यानं मोर्सचे ठोके मारायला लागली, आणि ते ठोके आमच्या ठाण्यावर निरोप म्हणून पोचले. आमच्या यंत्रमानवाच्या पाठीवर धोपट्यांच्या घराचा नंबर आला. पोरं वहीत मोजून ठेवत, पत्रांतून याद्या पाठवत. भाऊ मला "काय लेखक" अशी हाक मारायचे, आणि दर आठवड्याला वेलदोडा पुढे करत विचारायचे, "या वेळी कुठं लपवलंयस मला?"

ते दिवस चांगले होते, हे कबूल करायला हवं. वाईट एवढंच झालं की मी पत्रं वाचायचो. 'सातवं ठाणं'च्या नावानं आलेल्या पत्रांत ठाण्याविषयी काही नसे. कप्तान मेला तेव्हा एका मुलीनं लिहिलं होतं, 'कप्तान मेले ते ठीक, पण धोपटे वर कधी जाणार?' कप्तानाचं मरण लिहायला मला दोन आठवडे लागले होते.

मग मालकांनी दिवाळीसाठी दोन्ही मालिकांचा जोडभाग काढायचं ठरवलं. धोपटे सातव्या ठाण्यावर येणार. नवा कप्तान त्यांना 'कंपनदंड' नावाच्या हत्यारानं मारणार. कप्तानाचं काम करायचा सुहास, वीस-एकवीस वर्षांचा, गोरा, नम्र, मार्केट यार्डात मामाचा कांद्याचा गाळा होता तिथून थेट शूटिंगला यायचा. कंपनदंड म्हणजे फोमची नळी, चंदेरी रंगवलेली.

तालमीत सुहासनं हळूच मारलं. भाऊ टेबलाखालून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्याच्या मुस्कटात मारली.

"खरा मार म्हटलं ना? बाहुलीला खोटा मारलास तर तुला खरा बसेल."

सुहासच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा त्यानं जोर लावला, तर फोमचा दांडा मधेच वाकून लोंबला. सगळी शेड हसली. भाऊ सर्वांत जास्त. टेबलाखालून धोपटेंच्या आवाजात म्हणाले, "लेखक, तुमचं विज्ञान मऊ पडलंय हो." पुन्हा हशा. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कोणी नसताना, मी शेडमागे बांधकामाच्या पडलेल्या सळयांतली एक हातभर लांबीची उचलली, तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि फोमच्या नळीत सारली. दांडा सरळ राहावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. भाऊंना सांगतो, असंही सांगितलं. भाऊ आले, त्यांनी वेलदोडा दिला, मी घेतला. सांगितलं नाही. सुहासच्या हातात दांडा मीच दिला. तो जड आहे हे त्याला कळलं असणार. पण त्याच्या गालावर भाऊंची बोटं अजून उमटलेली होती, आणि विचारायची त्याची हिंमत नव्हती.

इतकी वर्षं मी याला विसर म्हणत आलो. विसर नव्हता. मला तो हात दुखायला हवा होता. तुटायला नको होता, दुखायला हवा होता. एवढा तरी फरक मला स्वतःपुरता करू द्यावा, असं वाटतं. पण सळईला तो फरक कळत नाही.

कॅमेरा सुरू झाला. पहिल्या फटक्याचा आवाज वेगळा आला, ओली फांदी मोडावी तसा. बाहुली अशी वळली की कॅमेरावाला पुटपुटला, "वा!" सुहासनं दुसरा मारला. तिसरा मारला. भाऊंनी हात खाली घेतला नाही. ओरडले नाहीत. बाहुली आडवी झाली, थरथरली, मान वर करून ते वाक्य म्हणाली, आणि मग सावकाश टेबलाखाली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजही याच जागी त्या तुकड्याखाली लोक हसतात.

धोपट्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीतून रक्त गळत होतं. भाऊ बाहेर आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी कुणाकडेही न बघता डाव्या बाहीचं टोक दातात धरलं आणि दातांनी ती वर ओढली. आम्ही खुर्च्या मागे सरकवल्या. मीसुद्धा.

त्यांनी डाव्या हातानं सुहासला मारलं. तो पडल्यावर गुडघ्यानं दाबून मारलं. दांडा जमिनीवर फाटून सळई बाहेर आली होती. ती बघून आणखी मारलं. "सळई! आत हात होता माझा, सळई घातलीस!" सुहास म्हणत होता, "मला माहीत नव्हतं भाऊ, आईशप्पथ माहीत नव्हतं." त्याच्या डाव्या कानातून रक्त आलं तेव्हा चौघांनी मिळून भाऊंना ओढलं. त्या चौघांत मी होतो. भाऊंचा खांदा माझ्या हातात होता आणि त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. तेव्हाही मी बोललो नाही.

आदल्या दिवशीची थप्पड सगळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे सुहासनं सूड घेतला हे सर्वांना पटलं. सुहासचा डावा कान गेला. तो परत कधी शेडमध्ये आला नाही. भाऊंची दोन बोटं आणि पंजाचं एक हाड मोडलं होतं. अंगठ्याशेजारचं पहिलं बोट आणि मधलं पुढे वाकेनाशी झाली. बाहुलीचं डोकं पहिल्या बोटावर असतं आणि एक हात मधल्यावर. धोपटे संपले. धोपटे नाहीत तर पाहणारे नाहीत, म्हणून 'सातवं ठाणं'ही संपलं. मी एका बँकेत लागलो. लिहिणं मी सोडलं असं सांगतो. पण खरं तर त्या दिवसानंतर मला कुठल्याही माणसाच्या हातात हत्यार देता येईना, कागदावरसुद्धा.

केतकीनं तो तुकडा दाखवला त्यानंतर मी आधी मार्केट यार्डात गेलो. सुहास मामाच्या गाळ्यावर होता, आता गाळा त्याचाच. मी बोलायला लागल्यावर त्यानं उजवा कान पुढे केला. मी सगळं सांगितलं. तो कांद्याची साल नखानं काढत ऐकत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "आता काय, कान परत लावून देतोस?" आणि गोणी उतरवणाऱ्यांवर ओरडत निघून गेला.

मग मी भाऊंकडे गेलो. तेच कर्वेनगर, तीच दुसऱ्या मजल्यावरची खोली. वहिनी गेल्याचं मला शेजाऱ्यांच्या दारातच कळलं. भाऊ ऐंशीच्या घरातले, मान खांद्यांत गेलेली, पण मनगट तसंच.

"काय लेखक," ते म्हणाले. "उशीर केलास."

मी उभ्यानंच बोललो. सळई म्हणालो, फोम म्हणालो, मी म्हणालो. त्यांनी मला पूर्ण होऊ दिलं.

"तिसऱ्या दिवशी कळलं मला. दवाखान्यात," ते म्हणाले. "सळई मागवून घेतली मी. दोन्ही टोकांना चिकटपट्टी होती, नीट, तीन तीन वेढे. रागानं सळई कोंबणारा माणूस टोकं गुंडाळत बसत नाही. फोम फाटू नये म्हणून काळजी घेणारा माणूस शेडमध्ये एकच होता. पट्टीही तुझ्या त्या कागद जोडायच्या रिळाचीच."

"मग बोलला का नाहीत?"

"कान फोडला होता ना मी." त्यांनी तोंडातला वेलदोडा दाढेखाली सरकवला. "भलत्याचा. ते कुठल्या तोंडानं सांगू? तू येऊन बोललास की मीही जाऊन बोलेन म्हटलं. मग वाट बघायची सवय झाली."

"सुहासला भेटलो मी."

"हं." मान खालीच. "मी नाही भेटलो."

मी म्हणालो, "भाऊ, मारा मला." हे मी ठरवून गेलो नव्हतो. त्यांच्या डाव्या बाहीकडे माझं लक्ष होतं. ती मनगटापर्यंत खाली होती, बटण लावलेलं.

ते उठले. कपाटातून त्यांनी धोपटेंना काढलं. सदरा नवा होता. वहिनींनी शिवून ठेवला असणार. टोपीचा रंग उडाला होता. भाऊंनी बाहुली डाव्या हातात घालावी असं मला वाटलं, पण त्यांनी ती उजव्यातच घातली, न वाकणारी बोटं एकेक करून आत ढकलत. धोपटेंचा एक हात लोंबत राहिला. मान ताठ, जराशी कलती. मग त्यांनी कोपऱ्यातलं जुनं लाटणं माझ्या हातात दिलं, स्वतः जमिनीवर बसले, आणि हात खाटेच्या कडेवरून वर केला.

"तेव्हा मी टेबलाखाली होतो, मला दिसलं नाही," ते म्हणाले. "आणि मारलंही तू दुसऱ्याच्या हातानं. आता तू मार. मी बघतो."

मी लाटणं उचललं. खरंच उचललं. धोपटे माझ्याकडे बघत होते. मी हात खांद्याच्या वर नेला, तरी ते जराही वळले नाहीत, कारण फटका पडायच्या आधी वळायचं नसतं. खाटेच्या पलीकडून भाऊंचा श्वास ऐकू येत होता.

मी लाटणं खाटेवर ठेवलं आणि दाराबाहेर आलो. जिन्याच्या पाच-सहा पायऱ्या उतरून वळून पाहिलं. दार उघडंच होतं. भाऊ तसेच बसलेले, हात वर, धोपटे ताठ. ते वाक्य आता ते म्हणतील म्हणून मी थांबलो. पण ते वाक्य मार खाल्ल्यावरच म्हणायचं असतं.